तामणेकाकांची चौकट

तामणेकाका पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा त्यांनी आमटीची वाटी रिकामी केली, खाली ठेवली आणि विचारलं, "ही कुणी केली?" मी अर्थातच म्हटलं, मी. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "कामाच्या बाई दारात भेटल्या मघाशी. हाताला हिंगाचा वास होता." आमटी खरंच लक्ष्मीने केली होती. ती आंध्रातली, आमटी तिला मी शिकवलेली, तेव्हा ती माझीच, असं मी धरून चालले होते. काका म्हणाले, "मग लक्ष्मीबाईंना सांगा, फार छान झालीये." त्यात टोमणा नव्हता. मला मात्र दोन दिवस राग होता. लक्ष्मीला मी काही सांगितलं नाही.

हा प्रश्न ते कुठेही विचारत. इथल्या मराठी मंडळाच्या फराळाला, कुणाच्या भिंतीवरच्या चित्रासमोर, गणपतीच्या मखराजवळ. "हे कुणी केलं?" आणि उत्तरात "आम्ही सगळ्यांनी मिळून" आलं की त्यांचा चेहरा पडायचा. त्यांना माणसाचं नाव हवं असायचं.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. अबुधाबीजवळ मुसफ्फामधल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ते डॉक्युमेंट कंट्रोलर होते. इमारतीची ड्रॉइंग्ज येतात, त्यांवर आलेल्या तारखेचा शिक्का मारायचा, नंबर घालायचा, रजिस्टरमध्ये नोंदवायचं आणि साइटवर पाठवायचं. त्याच ड्रॉइंगची सुधारलेली प्रत आली की जुनीवर लाल शिक्का मारून ती साइटवरून परत मागवायची. जुनी तिथेच राहिली तर भिंत भलत्या जागी उभी राहते. बस, एवढंच काम, तीस वर्षं. प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, एक चौकट असते: कुणी काढलं, कुणी तपासलं, कुणी मंजूर केलं. चौकट रिकामी असेल तर काका कागद घ्यायचेच नाहीत. मोठमोठे इंजिनियर खाली येऊन त्यांच्यावर डाफरायचे, "तामणे, यल्ला, जल्दी, साइन बाद में करता हूँ." काका कागद परत त्यांच्याकडे सरकवायचे. म्हणायचे, "साहेब, उद्या कुणाला विचारायचं?"

या देशात बॅचलर म्हणजे अविवाहित माणूस नव्हे; ज्याची बायको गावाला राहते तोही बॅचलर. काका या हिशेबाने तीस वर्षं बॅचलर होते. काकू लांज्याला शाळेत शिकवायच्या. कुटुंब आणण्याइतका पगार काकांना कधी झाला नाही, आणि होईलसं वाटलं तेव्हा मुलगा तिकडे दहावीला होता. ते तिघांबरोबर एका खोलीत राहायचे. आमचं मंडळ मात्र कुटुंबांचं. बँका, हॉस्पिटलं, तेल कंपन्या. आम्हा बायकांच्या पैठण्या, मुलांच्या इंग्रजी शाळा, दुबई मरीनाला कुणाकडे तरी होणारं कोजागिरीचं दूध. त्यात हे गृहस्थ बसने यायचे, इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, काखेत पारदर्शक प्लॅस्टिकचं फोल्डर. आम्ही त्यांना काका म्हणायचो खरं, पण त्या काकांत आपलेपणा किती आणि पायरी दाखवणं किती, हे सांगणं अवघड आहे. ते आम्हाला सगळ्यांना अहो-जाहो करत. माझ्या सईलासुद्धा, ती नऊ वर्षांची असल्यापासून.

एका वर्षी गणपतीत आभार मानायचं काम चुकून त्यांच्याकडे गेलं. त्यांनी कागद काढला आणि वाचायला लागले. साउंडवाला शाजी, मूर्ती गोदामातून आणणारा ड्रायव्हर गुल खान, हॉल पुसणारी दोन माणसं, त्यांचीही नावं, सगळी नीट विचारून लिहिलेली. मग वड्या कुणी केल्या, रांगोळी कुणी काढली. मुख्य प्रायोजक ढवणसाहेब यादीत चौदावे आले. हॉलच्या दाराशी गुल खान उभा होता, त्याने आपलं नाव ऐकून मागे वळून पाहिलं, दुसराच कुणी गुल खान आहे की काय म्हणून. आम्ही हसलो. अध्यक्ष मोघे नंतर काकांना म्हणाले, "काका, पुढच्या वेळी शॉर्टमध्ये. लोकांना जेवायचं असतं." पुढच्या वेळी त्यांना कुणी माइक दिला नाही.

आता नाटकाचं. काकांकडे एक इंग्रजी नाटक होतं, सव्वाशे वर्षांपूर्वीचं, कॉलेजात असताना रद्दीतून घेतलेलं. पाठीचा कणा सुटलेलं ते पुस्तक त्या फोल्डरमध्ये कायम असायचं. सुखवस्तू तरुणांची गंमत: शहरात एक नाव लावायचं, बाहेरगावी दुसरं, आणि दोन्ही नावांच्या भानगडीत लग्न जमवायचं. सगळेजण अत्यंत गंभीर चेहऱ्याने अत्यंत फालतू बोलतात आणि सतत चहा पितात. काकांनी ते मराठीत आणायला घेतलं. चार वर्षं लागली. त्यांचा नायक अबुधाबीत एका नावाने सरळमार्गी राहतो आणि वीकेंडला मरीनाला दुसऱ्या नावाने मजा करतो. मुलीची खडूस मावशी त्याची मुलाखत घेते तेव्हा आईवडिलांबद्दल नंतर विचारते, आधी विचारते, "व्हिसा कुणाचा?" प्रत्येक खर्ड्यावर कोपऱ्यात चौकट आणि रेव्हिजनचा आकडा. आम्ही वाचलं ते अकरावं रेव्हिजन होतं. आधीचे दहा त्यांनी लाल शिक्का मारून जपून ठेवले होते.

नाटक चांगलं होतं. हे मी आज भलेपणाने म्हणत नाही, तेव्हाही माहीत होतं. आम्ही एरवी तिकडे गाजलेली नाटकं इकडे करायचो, निम्म्या ताकदीची. हे पहिलंच आमचं होतं. म्हणजे त्यांचं होतं.

तालमी शनिवारी सकाळी आमच्या बिल्डिंगच्या पार्टी रूममध्ये. काका सगळ्यांना पहिल्या दिवशी म्हणाले की विनोदी वाक्य म्हणताना ज्याला हसू येईल त्याने बाहेर एक फेरी मारून यावं. बाहेर जुलैचं ऊन. दोन शनिवारांत सगळे सुधारले. "हसू मागायचं नाही," असं ते म्हणत. "आलं तर थांबायचं. नाही आलं तर पुढे जायचं. तोंड वेडंवाकडं करून मागितलंत की गेलं."

सई त्यात धाकट्या नायिकेचं काम करत होती. तिला बारावी संपवून परदेशात नाट्यशिक्षणाला जायचं होतं, त्या अर्जासाठी या प्रयोगाचं चित्रीकरण हवं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं त्यात याचा वाटा आहे. सईला मराठी बोलता यायचं, वाचता येत नव्हतं. तिने संवाद इंग्रजी अक्षरांत उतरवून घेतले होते. काकांनी ते कागद पाहिले आणि घडी करून फोल्डरमध्ये ठेवून दिले. मग चार महिने, दर शनिवारी तालमीआधी तासभर, तिला बाराखडीपासून शिकवलं. ती वैतागायची. "काका, व्हॉट डिफरन्स डझ इट मेक? ऑडियन्सला थोडीच दिसतंय?" काका म्हणायचे, "तुम्हाला दिसतंय ना." आज माझी मुलगी मराठी वाचते ती या माणसामुळे. मी सतरा वर्षांत ते केलं नव्हतं.

तालमीच्या मध्ये चहा व्हायचा. काका दुधाचा घेत नसत, सुलेमानी, लिंबू पिळून. आणि तेव्हा ते हमखास त्या नाटककाराची गोष्ट सांगायचे. नाटक रंगात आलेलं, थिएटर भरलेलं, आणि लेखक कोर्टाच्या भानगडीत सापडला. बदनामी अशी की त्याचं नाव उच्चारणंही लोकांना नको. पण नाटक तर चालतंय. मग थिएटरवाल्यांनी काय केलं? नाटक ठेवलं आणि जाहिरातींवरून त्याचं नाव काढलं. काका हे सांगताना प्रत्येक वेळी कप खाली ठेवायचे. पुढचा भाग त्यांच्या मनचा असावा, कुठल्या पुस्तकात असेल असं मला वाटत नाही. ते म्हणायचे, "रोज संध्याकाळी लोक त्याच्याच वाक्यांना हसत होते. मालकाचं नाव इतिहासात आहे, नटांची आहेत. पण कुणीतरी एक माणूस असणार, जो खळ आणि ब्रश घेऊन गेला आणि त्या नावावर कागद चिकटवून आला. त्याचं नाव कुठेच नाही. तो घरी जाऊन जेवला असेल."

मोघे एकदा म्हणाले, "काका, तो बिचारा नोकर माणूस. त्याला सांगितलं, त्याने केलं."

"मीही नोकर माणूस आहे," काका म्हणाले. "म्हणून तर मला त्याचं नाव हवंय."

ऑगस्टमध्ये एकदा तालीम संपल्यावर ते मागे थांबले. पत्रकाची जबाबदारी माझ्याकडे होती. मी मंडळाची सेक्रेटरी. पत्रकात रूपांतरकार म्हणून नाव कसं येणार ते त्यांना विचारायचं होतं. पूर्ण नाव येईल का? सदाशिव गोविंद तामणे? वडिलांचं नाव घालता येईल का? मी म्हटलं, घालू की, त्यात काय. तेव्हा ते जरा जास्त बोलले. एरवी स्वतःबद्दल बोलत नसत.

"तीस वर्षं झाली इथे. व्हिसा कंपनीचा, खोली कंपनीची, फोनचं सिमसुद्धा कंपनीच्या नावावर. परत जाईन तेव्हा मी इथे होतो असं सांगणारा माझ्या नावाचा एक कागद नाही. हा एक झाला की बास. काकूंना दाखवीन."

मी म्हटलं, इन्शाल्ला काका, फर्स्ट क्लास छापू.

सप्टेंबरात ते प्रकरण झालं. काकांची कंपनी ढवणसाहेबांचीच, हे सगळ्यांना माहीत होतं. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात त्यांचं एक गोदाम चाललं होतं, तिथे एक स्लॅब जुन्या ड्रॉइंगवर ओतला गेला. सुधारलेलं ड्रॉइंग नऊ दिवस आधी आलेलं होतं, काकांनी वेळेत साइटवर पाठवलं होतं, ते घेतल्याची सही होती. साइटवरच्या कुणी उघडून पाहिलं नाही. स्लॅब तोडायची वेळ आली. ढवणसाहेबांना एवढंच हवं होतं की ड्रॉइंग उशिरा आलं अशी नोंद रजिस्टरमध्ये दिसावी, म्हणजे दोष ड्रॉइंग काढणाऱ्या सल्लागारांवर जाईल. एक तारीख बदलायची. काकांनी बदलली नाही. मग रजिस्टर सल्लागारांनी मागितलं तेव्हा ते जसं होतं तसं दिलं. आठवड्याभरात त्यांना नोकरीवरून काढल्याचं पत्र मिळालं. महिन्याची नोटीस, मग व्हिसा कॅन्सल, मग तिकीट. खलास.

प्रयोग त्या नोटिशीच्या महिन्यातच होता, ते जायच्या सहा दिवस आधी.

कमिटीची बैठक मोघ्यांच्या घरी झाली. ढवणसाहेबांचा फोन येऊन गेला होता हे मोघ्यांनी सांगितलं नाही, आणि आम्ही कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मोघे म्हणाले की एक टेक्निकल इश्यू आहे. प्रयोगाच्या सरकारी परवानगीच्या यादीत प्रत्येकाच्या एमिरेट्स आयडी कार्डाची प्रत जोडावी लागते, आणि काकांचा व्हिसा कॅन्सलेशनमध्ये आहे, उगाच मंडळ अडचणीत नको. ही यादी मीच भरत होते. काकांचा व्हिसा प्रयोगाच्या दिवशी चालू असणार होता, हे मला माहीत होतं. आणि यादीचा पत्रकाशी काही संबंध नसतो, पत्रकावर नाव छापायला व्हिसा लागत नाही, हेही मला माहीत होतं. मी म्हटलं, "हो, रिस्क नको."

मग प्रश्न आला की रूपांतर आणि दिग्दर्शन या ओळीपुढे लिहायचं काय. रिकामं ठेवलं तर लोक विचारतील. कुणी म्हणालं, ओळच उडवा. कुणी म्हणालं, मोघ्यांचं नाव घाला. मोघे लाजले, पण नको म्हणाले, तेवढं त्यांच्या बाजूने सांगते. शेवटी मी सुचवलं: "रूपांतर आणि दिग्दर्शन : मंडळाचा नाट्यविभाग." सगळे म्हणाले, छान आहे, डिग्निफाइड वाटतं. मंडळाला नाट्यविभाग कधीच नव्हता. मी तो त्या सोफ्यावर बसून एका वाक्यात काढला. दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये लंच अवरला पत्रक टाईप केलं. ढवणसाहेबांचा फोटो कुठे बसवायचा यावर माझी वीस मिनिटं गेली.

पत्रक व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर गेलं. खाली अंगठे, फुलं, टाळ्या. काका ग्रुपवर होते. त्यांनी ते पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा मी पाहिल्या आणि फोन पालथा ठेवला.

मला वाटलं आता ते तालमीला येणार नाहीत. खरं सांगायचं तर मला तशी आशा होती. न आलेल्या माणसाला विसरणं सोपं जातं. शनिवारी ते नेहमीपेक्षा दहा मिनिटं आधी आले. सईला म्हणाले की तिसऱ्या अंकात ती एका वाक्याआधी श्वास घेते आणि त्यामुळे प्रेक्षकांना कळतं की आता विनोद येणार, तो श्वास काढा. तो काढायला तिला पाऊण तास लागला. ते तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले होते, वाक्य संपलं की बोट वर करायचे, परत. चहाला त्यांनी सुलेमानी घेतली. त्या नाटककाराची गोष्ट सांगितली नाही. मी बिस्किटांची ताटली पुढे केली, त्यांनी एक उचललं आणि थँक यू म्हणाले. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. ती सोय त्यांनी मला दिली नाही.

प्रयोग एका शाळेच्या ऑडिटोरियममध्ये, शनिवारी दुपारी दोनला. फार रंगला. लोक अशा ठिकाणी हसले जिथे आम्हाला वाटलंही नव्हतं, आणि पोरं काकांनी शिकवल्याप्रमाणे थांबली, हसू येऊ दिलं, पुढे गेली. मावशीने "व्हिसा कुणाचा?" विचारलं तेव्हा हॉल फुटला. ढवणसाहेब पहिल्या रांगेत मांडीवर हात आपटून हसत होते. काका सातव्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर होते. ते हसत नव्हते. त्यांचे ओठ हलत होते.

शेवटी रंगमंचावर आभार मी मानले. माइक माझ्या हातात होता. सगळे कलाकार मागे रांगेत उभे. मी ढवणसाहेबांचं नाव घेतलं, शाळेचं घेतलं, मोघ्यांचं, मेकअपचं, लाइट्सचं. कागदावरची यादी संपली तेव्हा एक क्षण रिकामा आला. कुणी मला अडवलं नसतं. माइक हिसकावून घेण्याइतकं रांगडं आमचं मंडळ नाही. तीन शब्द होते, सदाशिव गोविंद तामणे. मागून सईने हळूच म्हटलं, "मम्मा, काका." मी म्हटलं, "आणि आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार," आणि पडदा आला.

बाहेर लॉबीत सामोसे आणि फोटो चालले होते. काका गर्दी ओसरेपर्यंत भिंतीपाशी उभे राहिले, मग माझ्याकडे आले. हातात फोल्डर, त्यात ते जुनं पुस्तक, अकरावं रेव्हिजन आणि वर आमचं पत्रक. म्हणाले, प्रयोग नीट झाला, सईबाईंनी तो श्वास काढला, ऐकलंत ना. मी म्हटलं, काका, ते पत्रकाचं, अहो, टेक्निकल... त्यांनी ऐकून घेतलं.

मग त्यांनी पत्रक फोल्डरमधून काढून पालथं केलं. मागच्या कोऱ्या बाजूला, उजव्या कोपऱ्यात खाली, त्यांनी पट्टीने चौकट आखून आणली होती. "कुणी केलं," एवढीच एक ओळ आणि पुढे जागा. त्यांनी खिशातलं पेन उघडून माझ्यापुढे धरलं.

"फाइलला लावायचंय," ते म्हणाले. "सही लागते."

मी पेन घेतलं. मी काय करत होते ते मला कळत होतं. मी "कमिटीतर्फे" असं लिहायला लागले, दोन अक्षरं झाली, आणि त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"कमिटीला हात नसतात," ते म्हणाले. "तुमचं नाव. पूर्ण."

आवाज चढला नव्हता. त्या इंजिनियरांकडे कागद परत सरकवताना असाच असणार. मी आजूबाजूला पाहिलं. मोघे फोटोत होते. मी ती दोन अक्षरं खोडली आणि लिहिलं. माझं, नवऱ्याचं, आडनाव. खाली तारीख त्यांनी सांगितली, तीही लिहिली. त्यांनी शाई वाळण्यासाठी कागदावर फुंकर मारली, फोल्डरमध्ये सगळ्यात वर ठेवला आणि बटण लावलं. "चला," म्हणाले, "सहाची बस आहे."

काचेच्या दारातून ते दिसत राहिले. बाहेर अजून ऊन होतं. फोल्डर काखेत न धरता त्यांनी छातीशी धरलं होतं आणि ते रस्त्यापलीकडच्या स्टॉपकडे चालत गेले, सिग्नलला थांबले, हिरवा झाल्यावरच ओलांडला. मागे वळून पाहिलं नाही.

सई मेकअप न पुसताच माझ्याजवळ आली. तिने लांबून सही करताना पाहिलं होतं. खूष झाली होती, तिला वाटलं काकांनी जाताना आठवण म्हणून मागितली.

"मम्मा, डिड काका टेक युअर ऑटोग्राफ?"

मी म्हटलं, "हो."